चेनची क्लिप आणि तुळशीची कुंडी

पातालपानीहून पावसात भिजत इंदूरला परतलो तेव्हापासून बाइकची चेन कटकट करत होती, शेवटी मागच्या स्प्रॉकेटवरनं, म्हणजे चेन बसते त्या दातेरी चकतीवरनं, बोटाने ओढून बघितली तर अर्धा दात उघडा पडला, म्हणजे खेळ खल्लास. नुसती चेन बदलू नका हं, झिजलेले दात नव्या चेनची पण वाट लावतात, म्हणून मी दोन्ही स्प्रॉकेटसकट अख्खा सेटच आणला.

बाकी काम तासाभराचं, पण चेनची दोन टोकं जोडणाऱ्या लॉकची ती एवढीशी क्लिप! पक्कडीने दाबली नि टुणकन उडाली थेट तुळशीच्या कुंडीत, आई म्हणाली आता माती उकरून दाखव. क्लिपचं बंद टोक चेन ज्या दिशेने पळते तिकडेच हवं, उलटी बसवली तर चालत्या गाडीत निसटू शकते. चेनची ढील मॅन्युअलप्रमाणे, माझ्या गाडीला २५ मिमी, पण चाक फिरवून जिथे चेन सगळ्यात ताठ असते तिथेच मोजायची. मागे एका मेकॅनिकने तारेसारखी कसून दिली होती, बेअरिंग कण्हायला लागलं.

ओ-रिंगवाली (कड्यांत रबरी रिंगा असलेली) चेन पेट्रोलने अजिबात धुऊ नका, रबर खराब होतं, रॉकेल चालतं. मग पुसून ९० नंबरचं गियर ऑइल, आतल्या बाजूने, इंजिन बंद ठेवून चाक हाताने फिरवत. दर ५०० किमीला करतो, पावसाळ्यात आधीच.