जीपची बॅटरी हलवली आणि अर्थिंगने दमवलं

आमची जुनी डिझेल जीप दर उन्हाळ्याआड एक बॅटरी खायची. दीड वर्षही धड होत नाही तोवर सकाळी सेल्फ घेईनाशी व्हायची. बॅटरीवाला वॉरंटीत बदलून द्यायचा, पण देताना माझ्याकडे असा बघायचा, जणू मीच तिला उपाशी ठेवतोय.

खरं कारण बॉनेटखाली होतं. आधीच्या मालकाने इंजिन बदललं तेव्हा जागा पुरेना, म्हणून बॅटरीचा ट्रे सायलेन्सरच्या पाइपापासून जेमतेम चार बोटांवर बसवला होता. लेड-ॲसिड बॅटरीला उष्णता अजिबात मानवत नाही. तापमान दहा अंशांनी वाढलं की आयुष्य साधारण निम्म्यावर येतं, असा ढोबळ हिशेब आहे. त्यात पुण्याचा एप्रिल. मध्ये पत्र्याचा आडोसा करून पाहिला. कात्रजचा घाट चढून थांबलो, बॅटरीवर हात ठेवला, तर ठेववेना. तिथेच ठरवलं, ही इथून हलवायची.

जागा ठरली शेजारच्या सीटखाली. डिझेलची टाकी दुसऱ्या बाजूला, त्यामुळे ती काळजी नव्हती. बाबा दापोडीच्या एसटी वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. त्यांनी ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "ने की. पण वायर जाड घे, आणि अर्थ नीट दे." अर्थ म्हणजे निगेटिव्हची बाजू, करंटची बॅटरीकडे परतायची वाट. मी फक्त जाड वायरीचं लक्षात ठेवलं.

जाड म्हणजे किती, याचं गणित सोपं आहे. डिझेल इंजिन फिरवताना स्टार्टर, म्हणजे सेल्फची मोटर, अडीचशे ॲम्पिअर तरी सहज ओढतो. तांब्याच्या 25 स्क्वेअर एमएम केबलला मीटरमागे सुमारे 0.7 मिलिओहम रोध असतो. अडीच मीटर केबलमध्ये म्हणजे 0.43 व्होल्ट जातात, तेही फक्त जाताना. 50 स्क्वेअरची घेतली तर तेच नुकसान निम्म्यावर येतं. बारा व्होल्टच्या गाडीत अर्धा व्होल्ट ही काही चिल्लर नाही. थंडीतल्या सकाळी त्या अर्ध्या व्होल्टावरच सगळं अडतं.

बोहरी आळीत वेल्डिंगची केबल मागितली. दुकानदाराने जी पुढे केली ती वजनाला संशयास्पद हलकी होती. "साहेब, सगळे हीच नेतात." खिशातल्या चाकूने एक तार खरवडली, तर वरून तांबूस आणि आत पांढरी. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. ॲल्युमिनियम तांब्याच्या साठ टक्क्यांच्या आसपासच वीज वाहून नेतं, म्हणजे पन्नासची केबल तिशीच्या घरात आली. दुसऱ्या दुकानात पूर्ण तांब्याची मिळाली. महाग पडली, पण हातात घेतल्यावरच फरक कळला.

थिंबलं, म्हणजे केबलच्या टोकांना बसवायच्या धातूच्या टोप्या, नाना पेठेतल्या वायरिंगवाल्या काकांकडून चेपून घेतली. त्यांच्याकडे हायड्रॉलिक क्रिंपिंगचं हत्यार आहे. हातोडीने ठोकून चेपलेलं थिंबल दिसायला घट्ट दिसतं, पण आत तारांमध्ये पोकळी राहते आणि तिथेच ते तापतं. वर हीट श्रिंकची, म्हणजे तापवल्यावर आवळून बसणारी, स्लीव्ह चढवली.

बॅटरीसाठी अँगलची चौकट करून घेतली आणि फरशीच्या पत्र्याखाली मोठे वॉशर देऊन बोल्ट केली. वीसेक किलोचा ठोकळा आहे, खड्ड्यात उसळला तर मांडीवर यायचा. सीटखाली बॅटरी ठेवणाऱ्यांनी एक गोष्ट मात्र जरूर बघावी. सीटच्या स्प्रिंगा लोखंडी असतात. जड माणूस बसला, स्प्रिंग खाली दबली आणि दोन्ही टर्मिनलांना टेकली की सीटच पेटते. मी टर्मिनलांवर रबरी टोप्या घातल्या आणि वर जाड रबराची शीट टाकली. शिवाय चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो. हवेत त्याचं प्रमाण चार टक्क्यांवर गेलं की ठिणगीने भडका उडू शकतो. म्हणून पेटीला झाकण बसवलं आणि वरच्या बाजूने एक नळी काढून फरशीखाली सोडली.

केबल चासीच्या आतल्या कडेने नेली, सायलेन्सर आणि प्रॉपेलर शाफ्टपासून लांब. पत्र्याला भोक पडेल तिथे ग्रोमेट (कडेला बसणारं रबरी कडं), वरून लवचिक पाइप, वीतभर अंतरावर क्लिपा. स्टार्टरच्या मुख्य केबलला फ्यूज द्यावा की नाही, यावर दोन मेकॅनिकांची तीन मतं मिळतात. मी तिथे फ्यूज दिला नाही, बॅटरीजवळ कट-ऑफ स्विच दिला. बाकी लाइनला मात्र बॅटरीपाशीच साठ ॲम्पिअरचा फ्यूज आहे.

रविवारी सकाळी जोडणी. काढताना आधी निगेटिव्ह, लावताना ती शेवटी. म्हणजे पाना चुकून चासीला लागला तरी ठिणगी पडत नाही. बाबांनी मला हातातलं कडंही काढायला लावलं. बॅटरीची निगेटिव्ह मी सीटशेजारी चासीला दिली, चावी फिरवली आणि कट्. दिवे मंद. पुन्हा मारला, तर इंजिन दोन-तीन वेळा आजारी माणसासारखं हललं. तिसऱ्यांदा कसंबसं चालू झालं आणि आत जळका वास आला.

मी नव्या लाल केबलवर तुटून पडलो. थिंबलं, नट, कट-ऑफ स्विच, सगळं चाचपलं. बाबांनी डॅशबोर्डच्या मागे हात घातला आणि झटकन बाहेर काढला. "अरे, स्पीडोमीटरची केबल भाजतीये!"

मला दोन मिनिटं अर्थच लागेना. मग लागला. इंजिन आणि गिअरबॉक्स रबरी माउंटिंगवर बसलेले असतात, त्यांचा चासीशी थेट संबंध नसतो. आधी बॅटरीची निगेटिव्ह सरळ इंजिनला होती. आता ती चासीला गेली, आणि इंजिन ते चासी जोडणारी पट्टी होती हिरवट पडलेली, अर्धी तुटलेली. पूर्वी तिच्यावर फक्त दिवे-हॉर्नचा भार होता. आता स्टार्टरचा सगळा करंट तिथून परतायला बघत होता. वाट मिळेना म्हणून त्यातला काही गिअरबॉक्समधून स्पीडोमीटरच्या केबलने वर चढून बॉडीत उतरत होता.

मल्टिमीटर लावला. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं इंजिनला, आणि बाबांनी सेल्फ मारला. 1.9 व्होल्ट. तिथे पाव व्होल्टाच्या आसपास दिसायला हवा. लाल बाजू अगदी नीट होती. मी महिनाभर लाल केबलचाच विचार करत होतो.

परत बोहरी आळी, परत तीन मीटर 50 स्क्वेअर. ही काळी केबल सरळ बेलहाउसिंगच्या, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या कवचाच्या, बोल्टवर नेली. चासीसाठी वेगळी बारीक अर्थ दिली. तिथला रंग पत्रा चमकेपर्यंत घासला, स्टार वॉशर घातला, वरून व्हॅसलीन फासलं. आता सेल्फ मारताना अर्थच्या बाजूला 0.25 व्होल्ट दिसतो. चार्जिंगही तपासलं. बॅटरी चार्ज करणाऱ्या आल्टरनेटरवर 14.2 व्होल्ट आणि बॅटरीवर 13.6 येत होतं, म्हणजे बॅटरी कायम अर्धपोटी राहिली असती. आल्टरनेटरची जुनी बारीक वायर बदलली, मग 14.1 आलं.

मे महिन्यात भर दुपारी पुन्हा कात्रजचा घाट चढलो. वर थांबून सीट उचलली आणि बॅटरीवर तळहात ठेवला. कोमट होती, बस्स.

स्पीडोमीटरचा काटा मात्र तेव्हापासून चाळीसच्या पुढे थरथरतो. आतली तार भाजली असणार. नवी केबल आणून ठेवली आहे, डॅशबोर्ड उघडायला अजून रविवार मिळालेला नाही.