दहावीनंतरचं एक वर्ष

आज दिवसभर डोक्यात एकच विषय. लेक म्हणते, दहावी झाली की एक वर्ष परदेशात शिकायला जाते. रोटरीच्या युवा विनिमय कार्यक्रमातून १५ ते १९ वर्षांची मुलं जातात. तिथल्या कुटुंबात राहायचं, तिथल्याच शाळेत जायचं. वर्षभरात बहुधा एकापेक्षा जास्त घरं होतात. राहणं-जेवण आणि शाळेचा खर्च शक्यतो तिकडचे बघतात. विमानाचं तिकीट, विमा, वरखर्च आपला.

दुपारी खळ्यात आमसुलं उलटीपालटी करताना ती हे सगळं सांगत होती. कोपरापर्यंत हात लालभडक, आणि बोलणं मात्र इतकं नीट, की हिने कधी एवढी चौकशी केली, मला पत्ताच नाही! सासूबाई एवढंच म्हणाल्या, "गो बाय, थंय तुका पेज कोण घालतला?"

मला काळजी आहे ती अकरावीची. परत आल्यावर ते वर्ष पुन्हा करावं लागलं तर? पण खरं सांगू, लागलं तर लागू दे. सोळाव्या वर्षी परक्या घरात आपलं माणूस होऊन राहणं कुठल्या क्लासमध्ये शिकवतात? आणि तिकडचं एखादं पोर वेंगुर्ल्यात आमच्याकडे राहायला आलं, तर मला मनापासून आवडेल.

तुमच्यापैकी कुणाची मुलं अशी जाऊन आली असतील तर कृपया सविस्तर लिहा. अकरावीच्या प्रवेशाचं काय केलंत, ते आधी सांगा.