जनसुरक्षा विधेयकावरील आमची हरकत आणि पाडव्याची सुट्टी

महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयकावर हरकती व सूचना पाठवण्याची अखेरची तारीख १ एप्रिल २०२५ होती. २९ मार्चच्या शनिवारी लिफाफा घेऊन मी साताऱ्यातील एका टपाल कार्यालयात गेलो, तेव्हा खिडकीपलीकडच्या कर्मचाऱ्याने सर्व्हर बंद असल्याचे सांगून सोमवारी येण्यास सुचवले. रविवारी पाडवा होता आणि सोमवारी रमजान ईद. सोमवारी तुमचीही सुट्टी आहे, असे मी म्हणालो, तेव्हा त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिले आणि ‘मग मंगळवारी या’ एवढेच सांगितले. मंगळवार म्हणजेच १ एप्रिल. दीड तास उभे राहून मी परत आलो. त्या दीड तासाचा राग अजून गेलेला नाही; तथापि निम्मा दोष माझा होता, कारण त्याआधीचे पंधरा दिवस मी एकाच व्याख्येत अडकून पडलो होतो.

मी धरणग्रस्तांच्या एका संघटनेचे लेखी काम पाहतो. निवेदन, मोर्चा आणि धरणे ही आमची साधने आहेत, त्यामुळे संघटनेला बेकायदेशीर ठरवण्याचा अधिकार सरकारला देणारे विधेयक दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेले आहे आणि समितीने नागरिकांचे म्हणणे मागवले आहे, हे कळताच लिहिण्याची जबाबदारी आपोआप माझ्याकडे आली. सवयीप्रमाणे मी चार पानी निवेदन लिहिले आणि शेवटी विधेयक मागे घेण्याची मागणी केली. आमच्या ओळखीच्या एका वकीलबाईंनी ते वाचून परत दिले. ‘काका, हे मैदानावरच्या सभेत वाचा. समितीला कलम सांगा, त्यातला कोणता शब्द काढायचा, त्या जागी कोणता घालायचा आणि का, ते सांगा.’ हा सल्ला मला त्या दिवशी बोचला होता, पण पुढे तोच उपयोगी पडला.

खरी अडचण ‘बेकायदेशीर कृत्य’ या व्याख्येत होती. सार्वजनिक सुव्यवस्थेला किंवा कायद्याच्या प्रशासनाला, त्याच्या संस्थांना आणि कर्मचाऱ्यांना अडथळा आणणारी कृतीच नव्हे, तर तसा अडथळा आणण्याकडे कल असणारी कृतीसुद्धा तीत येत होती. आणि ती बोललेल्या शब्दांतून, लिखाणातून किंवा खुणेतूनही घडू शकत होती. प्रस्थापित कायदा न पाळण्याचा उपदेश करणेही त्यात होते. हे वाचून आमच्यातले एक ज्येष्ठ म्हणाले, ‘अरे, मग बिळाशीचा जंगल सत्याग्रह कशात बसतो?’ १९३० साली ब्रिटिशांचा जंगल कायदा मोडून तो सत्याग्रह झाला, आणि बिळाशी तेव्हा सातारा जिल्ह्यातच होते. त्या प्रश्नावरच दोन संध्याकाळी गेल्या.

वकीलबाईंनी दाखवलेली कसोटी सोपी होती, पण ती प्रत्येक शब्दाला लावणे जिकिरीचे होते. संविधानाच्या अनुच्छेद १९(१)(ग) नुसार संघटना स्थापन करण्याचा हक्क आहे आणि त्यावर निर्बंध घालायचे तर १९(४) मध्ये सांगितलेल्या कारणांसाठीच घालता येतात: देशाची सार्वभौमता व एकात्मता, सार्वजनिक सुव्यवस्था आणि नीतिमत्ता. ‘कर्मचाऱ्यांच्या कामात अडथळा’ हे कारण त्या यादीत नाही. तहसीलदारांची गाडी आमच्या धरण्यामुळे दहा मिनिटे थांबली, तर त्या अडथळ्याला सार्वजनिक सुव्यवस्थेचा भंग म्हणायचे का? ‘कल असणारी’ हे शब्द काढून तेथे हिंसा किंवा हिंसेची प्रत्यक्ष चिथावणी असे शब्द घालावेत, इथपर्यंत पोहोचायला नऊ संध्याकाळी लागल्या, कारण मी ‘प्रत्यक्ष’ लिहिले की कोणीतरी ‘हेतुपुरस्सर’ सुचवी आणि ‘हेतुपुरस्सर’ लिहिले की हेतू ठरवणार कोण, असा प्रश्न निघे.

या सगळ्यात एक गोष्ट मला खटकत राहिली. ब्रिटनमध्ये १९९८ च्या मानवी हक्क कायद्याच्या कलम १९ प्रमाणे विधेयक मांडणाऱ्या मंत्र्याला ते मानवी हक्कांशी सुसंगत आहे की नाही, याबाबत लेखी निवेदन करावे लागते आणि दोन्ही सभागृहांची बारा सदस्यांची समिती विधेयके त्या दृष्टीने तपासते. ऑस्ट्रेलियाने त्यासाठी २०११ मध्ये वेगळा कायदाच केला. आपल्या विधेयकांना उद्देश व कारणांचे निवेदन जोडलेले असते, खर्चाचे ज्ञापन असते, नियम करण्याचा अधिकार सरकारकडे सोपवल्याचे ज्ञापनही असते. मूलभूत हक्कांचे ज्ञापन मात्र नसते. मग ते काम संघटनेच्या कार्यालयात, चहाच्या कपांच्या गराड्यात, आमच्यासारख्यांना करावे लागते.

हरकत लिहिणाऱ्यांनी एक गोष्ट आधीच करावी, जी मला पाडव्याच्या दिवशी सुचली: मजकूर युनिकोडमध्ये टंकित करून घ्यावा. आमचा मजकूर दुकानदाराने जुन्या फॉन्टमध्ये केला होता आणि ई-मेलमध्ये चिकटवताच त्याची निरर्थक चिन्हे झाली. गुढी उतरेपर्यंत पुतण्याने आणि मी सगळे पुन्हा टंकित केले आणि त्याच रात्री ई-मेल पाठवला. एका पानावर एकच कलम घ्यावे, हेही तेव्हाच लक्षात आले. उद्देश व कारणांचे निवेदन सर्वांत आधी वाचावे, कारण त्यात नक्षलवादाचा उल्लेख असताना व्याख्येत तो शब्द का नाही, हा आमचा सर्वांत ठाम मुद्दा तिथूनच निघाला.

संघटना बेकायदेशीर ठरवण्यास पुरेसे कारण आहे की नाही, हे तपासणाऱ्या सल्लागार मंडळाचेही एक कलम विधेयकात होते. त्यासाठी वकीलबाईंनी १९५२ चा मद्रास राज्य विरुद्ध व्ही. जी. रो हा निवाडा दिला होता. संघटना बेकायदेशीर ठरवण्यापूर्वी न्यायालयीन चौकशी नसेल, तर सल्लागार मंडळाने ती उणीव भरून निघत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने त्यात म्हटले आहे. त्यावरून मी चार ओळी लिहिल्या आणि पुढे गेलो.

समितीकडे १२ हजारांहून अधिक सूचना आल्या. जुलै २०२५ मध्ये समितीचा अहवाल सभागृहात आला आणि विधेयक मंजूर झाले. व्यक्ती व संघटना असा सरसकट उल्लेख जाऊन कडव्या डाव्या विचारांच्या किंवा तत्सम संघटना असा रोख आला, तपास पोलीस उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे गेला आणि सल्लागार मंडळाची रचनाही बदलली. हजारो लोकांनी जे मागितले, त्यात आमच्या चार ओळी कुठे होत्या, हे सांगता येणार नाही. नऊ संध्याकाळी घेतलेली व्याख्येवरची दुरुस्ती मात्र मान्य झाली नाही. मंडळाच्या कलमाला मी जेमतेम अर्धा तास दिला होता.