झॅप करण्याआधी

एका बँकेच्या मेनफ्रेमवर, म्हणजे मोठ्या मध्यवर्ती संगणकावर, रोज रात्रीच्या बॅचमध्ये चालणारा जुना प्रोग्रॅम होता. एका शाखेचा कोड त्यात थेट लिहून ठेवलेला. शाखांच्या विलीनीकरणामुळे तो त्याच रात्री बदलायचा होता, आणि सोर्स, म्हणजे माणसाने लिहिलेला मूळ प्रोग्रॅम, कुठेच सापडेना. हाताशी फक्त लोड मोड्यूल, म्हणजे यंत्र थेट चालवतं ते तयार रूप. आयबीएमचं एएमएएसपीझॅप हे साधन वापरून त्यातले नेमके बाइट बदलणं, म्हणजे झॅप करणं, एवढाच मार्ग उरला.

मंजुरीची वाट बघताना आमच्या मॅडम म्हणाल्या, "अरे, पॅच हा शब्द मुळात असल्याच कामातून आलाय." त्यांनी १९४४च्या हार्वर्ड मार्क १ या यंत्राच्या प्रोग्रॅम टेपचा फोटो दाखवला. त्या रुंद कागदी पट्टीवर भोकं पाडून सूचना लिहीत. भोक चुकीच्या जागी पडलं, तर वर कागदाचा तुकडा चिकटवून ते बुजवायचं. तो तुकडा म्हणजे पॅच. फाइलमध्ये नेमके तेवढेच बदल करणाऱ्या, लॅरी वॉल यांच्या १९८५च्या प्रोग्रॅमचं नावही पॅच, आणि २.४.७ अशा आवृत्तीतला, फक्त छोट्या दुरुस्तीसाठी वाढवायचा शेवटचा आकडाही पॅचचाच.

फोटोत ठिगळं चुकलेल्या भोकांपुरतीच होती, शेजारची भोकं जशीच्या तशी. शेवटचा आकडा वाढवून प्रोग्रॅमचं वागणंच बदलणाऱ्यांचा मला तेव्हापासून फार राग येतो.

मंजुरी आली. झॅपमध्ये आधी 'व्हेर' लिहितात: या जागी हेच बाइट आहेत का? ते जुळले तरच पुढचं 'रेप' नवे बाइट लिहितं. टेस्टवर, म्हणजे चाचणीसाठीच्या प्रतीवर, सगळं जुळलं होतं. प्रॉडक्शनवर, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या प्रतीवर, व्हेर फेल! एकही बाइट बदलला नाही.

मॅडमनी लगेच मोड्यूलमधल्या नोंदी दाखवणारं एएमबीलिस्ट चालवायला सांगितलं. झॅप झाला की त्याची तारीख आणि आठ अक्षरांपर्यंतची खूण मोड्यूलमध्येच राहते. आमच्या आधी कुणीतरी, कित्येक वर्षांपूर्वी, इथे झॅप केला होता! खुणेच्या जागी चेंज रिक्वेस्टचा, म्हणजे बदलाच्या मंजुरी-अर्जाचा, नंबर होता. त्यावरून जुन्या नोंदी काढल्या, तर ती शाखा पूर्वीही एकदा विलीन झालेली. टेस्टची प्रत मात्र तशीच जुनी राहिली होती.

बँकेच्या माणसांकडून सध्याचा कोड पक्का करून घेतला, व्हेर दुरुस्त केला. या वेळी जुळला. बॅच वेळेत सुटली. आम्हीही आमच्या रिक्वेस्टचा नंबर खूण म्हणून टाकला आणि लगेच टेस्टची प्रतही प्रॉडक्शनवरून नव्याने करून घेतली.