आमची वाटचाल : पैंजणाच्या कडीपासून चिलखताच्या कडीपर्यंत

हुपरीत कुणाला सांगितलं की मी चिलखतं बनवतो तर पहिला प्रश्न ठरलेला, "घालतंय कोण हे आता?" आणि दुसरा, "नाटकवाल्यांना देता का?" मग मी सांगत बसतो की बाबांनो युरोपात अशी माणसं आहेत जी वर्षभर बँकेत नाहीतर शाळेत नोकरी करतात आणि उन्हाळ्यात सुट्टी टाकून सहाशे वर्षांपूर्वीची लढाई परत लढायला तंबू घेऊन मैदानावर जातात, त्याला रिएनॅक्टमेंट म्हणतात. नाटक म्हणलेलं त्यांना अजिबात चालत नाही. बुटाची शिलाईसुद्धा त्या काळातलीच पाहिजे असते. त्यांच्या अंगावरच्या लोखंडी कड्यांपैकी थोड्याफार कड्या आमच्या गल्लीतल्या बायकांनी जोडलेल्या असतात.

आमचं घराणं चांदीतलं. हुपरीत दुसरं काय असणार म्हणा. आजोबा पैंजणाचे कारागीर, वडिलांनी छोटा धंदा केला, व्यापाऱ्याकडनं चांदी घ्यायची, तार ओढायची, कड्या पाडायच्या, घरोघरी जोडायला द्यायच्या, झाळायच्या, मजुरी आणि घट वजा करून माल परत द्यायचा. २०११ च्या एप्रिलमध्ये चांदी किलोला ७० हजारांच्या वर गेली आणि मे च्या सुरुवातीलाच धाडकन खाली आली, त्या दोन-तीन आठवड्यांत आमच्यासारख्या छोट्यांचं कंबरडं मोडलं. त्यात मशीनची साखळी आलेलीच होती. वडील म्हणाले आता तू तुझं बघ.

तेव्हा माझा मामेभाऊ जर्मनीत स्टुटगार्टला नोकरीला होता. तिकडं गावोगावी मध्ययुगीन बाजार भरतात, तसल्या एका बाजारात त्यानं कड्यांचं चिलखत टांगलेलं बघितलं आणि फोटो पाठवून लिहिलं, "दादा, हे आपल्या साखळीसारखंच आहे की, आणि दुकानदार सांगतोय माल इंडियाचा आहे." मला खोटं वाटलं. पण चौकशी केली तर खरंच, डेहराडूनकडं हे काम कधीपासून चालतं आणि जगभर जातं. मी म्हणलं कडीत कडी घालायला आम्हाला कोण शिकवणार.

हाच माज नडला.

पहिली ऑर्डर २० चिलखतांची होती. जोडणी सोपी, एका कडीत चार कड्या, ती गुंफण बायकांनी एका दुपारीत उचलली. पण कडीची दोन टोकं आम्ही नुसती पकडीनं समोरासमोर आणून मिटवली होती, लोखंड आहे म्हणल्यावर झाळायची काय गरज असं वाटलं. शोकेसला ठेवायला तसला माल चालतो. आमच्या गिऱ्हाइकानं तो लढायला दिला. महिन्याभरात मेल आला, भाषा सभ्य होती पण अर्थ असा की तुमचं चिलखत मैदानावर कड्या गाळत चाललंय, आम्ही पाठीमागनं वेचत चाललोय. सोबत फोटो होता, वाटीभर कड्या. निम्मे पैसे परत दिले, आणि बरं झालं दिले कारण तोच गिऱ्हाईक पुढं माझा मास्तर झाला.

त्यानं समजावलं की युरोपातल्या जुन्या चिलखतात कडी अशी उघडी नसायचीच. टोकं एकावर एक चढवायची, ठोकून चपटी करायची, त्यात भोक पाडायचं आणि बारीक रिवेट घालून बंद करायची. हे प्रत्येक कडीला. नाहीतर मग एक ओळ पत्र्यातनं सबंध पंच केलेल्या कड्यांची आणि एक ओळ रिवेटची, म्हणजे एक रिवेटवाली कडी चार सबंध कड्यांना धरून ठेवते. ऐकायला सोपं वाटतं. आम्हाला जमायला पावणेदोन वर्षं गेली. तार दांडीवर गुंडाळून कापली की ताठ असते, तशीच ठोकली तर टोकाला चीर जाते, म्हणून आधी भट्टीत लाल करून सावकाश गार होऊ द्यायची, ही गोष्ट चांदीवाल्याला सांगावी लागू नये पण आम्ही घाईत तेच विसरलो होतो आणि पोत्यानं कड्या भंगारात घातल्या. मग भोक. गोल भोकाला गोल रिवेट, आणि दुसरा प्रकार पाचरीचा, चपट्या पट्टीतनं त्रिकोणी तुकडा कापून चिरेत बसवायचा. आम्ही पाचरीवर स्थिरावलो कारण ती आपोआप धरून बसते, हातातनं निसटत नाही, आणि बाई सांडशीत एकदा दाबते की डोकं बसलं. त्यातही एक चूक दोन वर्षं चालू होती, रिवेटचं डोकं कधी आत कधी बाहेर. मास्तरनं दाखवलं की डोकी सगळी बाहेरच्या अंगाला पाहिजेत, आतनं गुळगुळीत पाहिजे नाहीतर आतलं कापड खरवडतं.

गुडघ्यापर्यंतच्या पूर्ण बाहीच्या चिलखताला, ज्याला ते हॉबर्क म्हणतात, ९ एमएमच्या अंदाजे ३० हजार कड्या लागतात आणि वजन १२-१३ किलो भरतं. निम्म्या सबंध धरल्या तरी १५ हजार रिवेट आले. आमच्याकडची हात बसलेली बाई दिवसाला ८०० करते, म्हणजे एकटी बसली तर तीन आठवडे. लोक किंमत ऐकून महाग म्हणतात तेव्हा मी हा हिशेब सांगतो, पटतोच असं नाही.

आता गंमत आतल्या कापडाची. कड्यांचं चिलखत तलवारीची धार अडवतं पण मार अडवत नाही, दांडकं बसलं तर आतलं हाड मोडायचं ते मोडतंच. म्हणून आत जाड शिवलेला अंगरखा घालतात, गॅम्बेसन. पहिल्यांदा सॅम्पल आलं तेव्हा आईनं हातात घेऊन उलटंपालटं केलं आणि म्हणाली, "ही तर वाकळ, बाह्या लावलेली." तिचं बरोबरच होतं. थरावर थर घालून उभे धागे. फक्त थर किती, तर फ्रान्सच्या अकराव्या लुईच्या वेळच्या हुकूमात सैनिकाच्या जाकिटाला कापडाचे २५ ते ३० थर सांगितलेत, आणि २५ घातले तर वर एक हरणाचं कातडं. आईची वाकळ पाच-सहा थरांत संपते. कापड आम्हाला शेजारीच, इचलकरंजीत, सुती पाहिजे तेवढं. पट्ट्यांचं चामडं कोल्हापुरातनं, चपलावाल्यांकडनं. पण लिननचा आग्रह धरणारे असतात, आणि त्याहून कडक म्हणजे मशीनची शिलाई दिसता कामा नये, त्यांच्या ग्रुपमध्ये एक माणूस फक्त हेच तपासायला असतो आणि तो शिवण बघून लायनीतनं बाहेर काढतो. आईला हे सांगितल्यावर ती दोन दिवस हसत होती, मशीनवर शिवलं तर नको आणि हातानं शिवलं तर दुप्पट पैसे, कसलं येडं गिऱ्हाईक गावलंय म्हणून. मग तिनंच सहा जणी गोळा केल्या. आज गॅम्बेसनचं खातं तिच्याकडं आहे, माझं तिथं काही चालत नाही.

सगळ्यात लाज वाटावी असं काम म्हणजे व्हिस्बीचं. एका स्वीडिश ग्रुपनं कोट ऑफ प्लेट्स, म्हणजे लोखंडी पट्ट्या जोडलेलं जाकीट, मागितला, सोबत जुने फोटो, मातीतल्या सांगाड्यावर गंजलेल्या पट्ट्या. मी आणि आमच्या वेल्डरनं फोटो बघून झकास जाकीट केलं, चामड्यावर बाहेरनं लोखंडी पट्ट्या ठोकल्या, चकचकीत. उत्तर एका ओळीत आलं, उलटं आहे. पट्ट्या आतनं असतात, वरनं फक्त कापड नाहीतर चामडं आणि रिवेटची डोकी दिसतात. फोटोत पट्ट्या दिसत होत्या कारण वरचं कापड कधीच कुजून गेलं होतं! तेव्हा बसून वाचलं. २७ जुलै १३६१ ला डेन्मार्कच्या वाल्डेमार राजाच्या फौजेनं गॉटलंड बेटावरच्या शेतकऱ्यांना व्हिस्बी शहराच्या तटाबाहेर कापून काढलं, शहराचे दरवाजे बंदच राहिले, आणि मेलेल्यांना चिलखतासकट मोठ्या खड्ड्यांत पुरलं. एरवी चिलखत काढून घेतात, महाग वस्तू. १९०५ पासून १९३० पर्यंत ते खड्डे उकरले, हजाराच्या वर सांगाडे निघाले, त्यात मिसरूड न फुटलेली पोरं आणि म्हातारेही होते. बेंग्ट थोर्डेमान या स्वीडिश अभ्यासकानं त्या सगळ्या पट्ट्या मोजून मापून छापल्या म्हणून आज आमच्यासारखा हुपरीतला माणूस त्या कापू शकतो. दुसरा पीस करताना वेल्डरची बडबड बंद होती. दर वर्षी ऑगस्टमध्ये व्हिस्बीत मध्ययुगीन आठवडा भरतो, तिथं आमचे सात कोट आहेत, सगळ्यांच्या पट्ट्या आतनं.

मापाचा प्रश्न आम्ही तालमीत सोडवला. जर्मन-पोलिश माणसाच्या खांद्याचा माणूस आमच्या गल्लीत मिळत नाही, म्हणून कोल्हापुरातल्या ओळखीच्या तालमीतले दोन पैलवान ट्रायलला येतात. पूर्ण पत्र्याचं चिलखत २०-२५ किलोचं, लोकांना वाटतं ते घालून माणूस पडला की उठत नाही आणि घोड्यावर चढवायला यारी लागायची. आमच्या पैलवानानं ते घालून बैठका मारल्या, कोलांटी घेतली आणि वर विचारलं, खुराक कोण देणार. वजन खांद्यावर लटकत नाही, कमरेवर, मांडीवर, दंडावर वाटून बसतं, तेच तर कारागिरीचं आहे. अडलं ते फक्त शिरस्त्राणापाशी, त्याचे कान कुस्तीनं इतके सुजलेले की आत शिरेनात.

शिरस्त्राणावरून सांगतो, ते आम्ही बंद केलं. रिएनॅक्टमेंटमध्ये तलवारीची धार दोन-तीन एमएम बोथट, टोक गोल, तोंडावर भोसकायचं नाही, वार आवरून. पण बुहर्ट म्हणून आता एक खेळ झालाय, त्यात काही आवरत नाहीत, पूर्ण ताकदीनं कुऱ्हाडी घालतात, पाच-पाचच्या टीमा, पडला तो बाद. तसल्या एका टीमला आम्ही दिलेल्या हेल्मेटचं वेल्डिंग उघडलं. माणसाला काही झालं नाही. पण फोटो बघून मला रात्रभर झोप नाही आली आणि सकाळी भावाला म्हणलं, डोक्याचा माल नको. तोट्याचा निर्णय होता, हेल्मेटमध्येच पैसा आहे. तलवारी तर पहिल्यापासूनच नाही, परवान्याच्या आणि पोलिसांच्या भानगडी कोण निस्तरणार.

२०१८ ला पोलंडला ग्रुनवाल्डला गेलो. १५ जुलै १४१० ला तिथं पोलंड-लिथुआनियाच्या फौजेनं ट्युटॉनिक, म्हणजे जर्मन धर्मयोद्ध्या, सरदारांना हरवलं आणि त्यांचा प्रमुख उलरिख फॉन युंगिंगेन पडला, तो बिचारा दर जुलैत पडतो. सकाळी तंबूंच्या रांगांतनं फिरत होतो, धूर, घोड्याची लीद, लोखंडाला लावलेल्या तेलाचा वास, अगदी आमच्या शेडमध्ये आल्यासारखं. एका माणसाच्या अंगावर आमचं हॉबर्क दिसलं. रिवेटच्या डोक्यावरनं ओळखलं, डोकी आत-बाहेर मिसळलेली, म्हणजे आमच्या चुकीच्या काळातलं! काखेतल्या कड्या तुटलेल्या, तिथं त्यानं स्वतः पितळेच्या तारेनं दुरुस्ती केलेली. मी ओळख दिली तर त्यानं मिठी मारली आणि मग पाऊण तास काखेची तक्रार सांगितली, हात वर केला की ओढतं. आता आम्ही काखेत कड्यांचा चौकोन वाढवून देतो.

गंजाचं काय काय केलं ते लिहायला बसलो तर पान पुरणार नाही. पहिला समुद्रमार्गे गेलेला माल केशरी होऊन पोचला. आता तेल, गंजरोधक कागद, प्लास्टिक, आणि वर प्रार्थना. पॉलिशला चांदीचाच जुना फिरता ड्रम वापरतो, तिकडंही पूर्वी चिलखत वाळू घालून पिंपात लोळवायचे म्हणे. आमचा सीझन उलटा आहे, लढाया जुलै-ऑगस्टात म्हणून माल मार्चअखेर निघालाच पाहिजे, आणि २०२३ च्या शेवटी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाल्यापासून बोटी आफ्रिकेला वळसा घालून जायला लागल्या तेव्हा दोन आठवडे अजून आधी.

२०२० ला सगळे मेळावे रद्द. दहा महिने एक ऑर्डर नाही, पत्र्यातनं कड्या पंच करून उरलेल्या चकत्यांच्या किचेन विकल्या. २०२२ नंतर कीव्हचा एक ग्राहक गप्प झालाय, त्याचा ॲडव्हान्स वहीत तसाच जमा आहे, परत कुणाला पाठवायचा कळत नाही.

इथली मागणीही येते, शिवजयंतीला आणि ६ जूनला रायगडावर जाणाऱ्यांची. १० नोव्हेंबर १६५९ ला प्रतापगडाखाली महाराजांनी अंगरख्याच्या आत चिलखत आणि जिरेटोपाखाली लोखंडी टोपी घातली होती हे प्रत्येक जण मला सांगतो, आणि पुढच्या वाक्याला विचारतो, ॲल्युमिनिअमचं नाही का, हलकं? आहे. तेही करतो. पण मनापासून नाही.

परवा आईच्या खात्यातल्या आणि कडीवाल्या सगळ्या जणी एकत्र येऊन बसल्या. कडीमागं साठ पैसे देतो, त्यांना पासष्ट पाहिजेत. मी म्हणलं मार्चचा माल निघू दे मग बघू, तर आई म्हणाली माल निघाल्यावर तुला कोण विचारतंय, आत्ताच सांग. पासष्ट केले. ४० हॉबर्क बाकी आहेत आणि सबंध कड्यांचा पंच काल रात्री तुटलाय.