साहेब रजेवर, साक्षीदार हजर

मृत्युपत्र नोंदणीकृत असले तरी त्यावर साक्षीदार म्हणून सही करणाऱ्यांपैकी किमान एकाला, तो हयात आणि साक्ष देण्यास समर्थ असेल तर, न्यायालयात तपासावेच लागते. जुन्या पुरावा कायद्याचे कलम ६८ हेच सांगत होते, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम ६७ देखील तेच सांगते. माझ्या अशिलाच्या दाव्यातील दोन साक्षीदारांपैकी एक वारले आहेत. उरलेले निवृत्त शिक्षक ऐंशी ओलांडलेले असून पुण्याला मुलाकडे राहतात. सरतपासाचे, म्हणजे साक्षीदाराच्या मूळ जबानीचे, शपथपत्र आधीच दाखल होते. राहिला होता फक्त उलटतपास.

त्यासाठी गुरुजी रात्रभर एसटीने प्रवास करून आमच्या तालुक्याच्या न्यायालयात वेळेआधी पोचले. अकरा वाजता शिरस्तेदारांनी सांगितले, साहेब रजेवर आहेत, चार्ज शेजारच्या कोर्टाकडे आहे. चार्जवरचे न्यायाधीश स्वतःचा बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी, सांभाळून मनाई हुकमासारखे तातडीचे अर्ज तेवढे पाहतात. दुसऱ्या कोर्टाचा पुरावा सहसा नोंदवत नाहीत, आणि त्यांच्यापुढचा गठ्ठा पाहिला की त्यांना दोष देववत नाही. तरीही दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १८, नियम १६ खाली साक्ष तत्काळ नोंदवण्याचा अर्ज मी दिला. विरुद्ध बाजूच्या वकिलांनी हरकत घेतली नाही, उलट ते उलटतपासाला तयार होते, हे मुद्दाम नोंदवतो. अर्जावर शेरा पडला, ‘नियमित न्यायालयापुढे ठेवावा’. मृत्युपत्राच्या नकलेवरील आपल्या सहीवर बोट ठेवून गुरुजी म्हणाले, “वकीलसाहेब, सही माझीच आहे, एवढंच सांगायचं होतं ना?”

पक्षकाराने मुदत मागितली तर त्याच संहितेचा आदेश १७ तीन तहकुबींची मर्यादा घालतो आणि खर्चही बसवतो. समन्स बजावूनही साक्षीदार आला नाही तर वॉरंट निघू शकते. न्यायाधीश नसतील तेव्हा मात्र रोजनाम्यात, म्हणजे प्रकरणाच्या तारीखवार नोंदीत, एक ओळ लिहिली जाते आणि पुढची तारीख पडते. आजारपणाची रजा कोणीही समजू शकतो, पण ही रजा आधीच मंजूर झाली होती, असे नंतर कारकुनाकडून कळले. आदल्या दिवशी दोन्ही वकिलांना एक फोन गेला असता, तर एका वृद्धाची रात्र एसटीत गेली नसती, आणि हा फोन करणे कोणाच्याच कामात लिहिलेले नाही, हे मला अक्षम्य वाटते. दहा लाख लोकसंख्येमागे पन्नास न्यायाधीश असावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये सांगितले. त्याच्या निम्म्यालाही आपण पोचलेलो नाही, त्यामुळे एक खुर्ची रिकामी झाली की तिचे काम उचलायला दुसरे कोणी मोकळे नसते.

आता आदेश २६ खाली कोर्ट कमिशनर नेमून पुण्यात गुरुजींच्या घरीच उलटतपास घ्यावा, असा अर्ज दाखल केला आहे, आणि सुनावणीच्या तारखेला न्यायाधीश रजेवर असल्यास चार्ज कोर्टानेच तो निकाली काढावा, अशी विनंतीही त्यात जोडली आहे.