झटक्यात की गचके देत?

दुपारी दोनला गोव्यात गाडी बंद पडू नये. पडायचीच असेल तर सकाळी अकराला पडावी, नाहीतर चारनंतर. मधल्या वेळात गॅरेजचं शटर अर्धं खाली असतं, आत मेस्त, म्हणजे मेकॅनिक, पंख्याखाली आडवा असतो आणि त्याला उठवायचं पाप कोणी डोक्यावर घेत नाही. आमची फियाट मे महिन्यातल्या एका शनिवारी बरोब्बर दोन वाजून दहा मिनिटांनी थांबली. जुन्या गोव्यात, व्हाइसरॉय आर्चच्या पुढे, दिवाडी बेटाच्या फेरीबोटीच्या रांगेत. नार्वेच्या सप्तकोटेश्वराला निघालो होतो आम्ही.

फियाट म्हणजे कागदोपत्री प्रीमियर पद्मिनी, 1089 सीसी. चितोडच्या राणीचं नाव दिलं होतं कंपनीने, पण आमच्या घरात तिला पद्मिनी म्हटलेलं मी कधी ऐकलं नाही. बाबांची गाडी. आता महिन्यातून दोनदा बाहेर काढतो, तेही बायकोला ‘तिचं इंजिन फिरायला हवं’ असं समजावून.

बॉनेट उघडलं की माणसं जमतात. पहिला येतो तो विचारतो, “पेट्रोल आसा मूं?” दुसराही तेच विचारतो. तिसरा काही न बोलता आत डोकं घालतो आणि एखादी वायर हलवून बघतो. या तिघांना मी लहानपणापासून ओळखतो. चेहरे बदलतात, एवढंच.

बाबांचा मेस्त मात्र पेट्रोलचं विचारत नसे. गाडी कशी थांबली ते आधी विचारी. एकदम बंद पडली की गचके मारत? एकदम, बटण दाबल्यासारखी मेली तर करंटची भानगड: कॉइल, कंडेन्सर, पॉइंट, नाहीतर एखादी सुटलेली वायर. धापा टाकत, गचके देत मेली तर पेट्रोलची: पंप, कार्बोरेटर, टाकीतला गाळ. एवढ्या एका उत्तरावर त्याची अर्धी कामं होत. बाबांना मात्र हे उत्तर कधी देता आलं नाही. ते गॅरेजमध्ये शिरतानाच “कॉइल गेली रे” म्हणत शिरायचे. मेस्त हात पुसत म्हणायचा, “कितें जालें तें सांग, भाई. कित्याक जालें तें हांव पळयतां.” म्हणजे काय झालं ते सांग, का झालं ते मी बघतो. बाबा दुखावले जात, बाकावर जाऊन पेपर उघडून बसत, आणि निघालेला असे दहा रुपयांचा कंडेन्सर. डॉक्टरकडेही ते “मला पित्त झालंय” असंच सांगायचे. पोटात कुठे आणि कधीपासून दुखतंय, ते आईने सांगायचं.

1986 च्या जुलैमध्ये मांडवीवरचा पूल पडला. 1970 साली वाहतुकीला खुला झालेला पूल, सोळा वर्षांत नदीत. म्हापशाहून पणजीला जायचं तर पुन्हा बेतीला फेरीच्या रांगेत. ती रांग आणि तो पाऊस! मी दहा वर्षांचा होतो, मागच्या सीटवर, आणि काचेवरच्या वाफेवर बोटाने चित्रं काढत होतो. तासाभराने आमचा नंबर लागला. ओहोटी होती, उतार चांगलाच खाली गेलेला. गाडी बोटीच्या फळीवर चढायला लागली आणि मधोमध थांबली. पुढची चाकं बोटीत, मागची गोव्याच्या जमिनीवर. मागून हॉर्न. बोटीवरचा माणूस दोन्ही हात हवेत फेकत होता.

बाबांनी भर पावसात बॉनेट उघडलं. डिलकोत, म्हणजे प्लगांना करंट वाटणाऱ्या डब्यात, पाणी गेलंय हे त्यांनी बरोबर ओळखलं, हे कबूल करायला हवं. पण घाईत त्यांनी त्याच्या टोपीवरच्या, प्लगांकडे जाणाऱ्या चारही वायरी उपसल्या, रुमालाने पुसल्या आणि एक, दोन, तीन, चार अशा ओळीने परत खोचल्या. सेल्फ मारला. फट्ट! असा आवाज झाला की बोटीवरची कोळीण टोपलीसकट दोन पावलं मागे सरली.

मागच्या ट्रकमधून लुंगीतला एक माणूस उतरला. हसला नाही, हे आठवतं. त्याने दोन क्लिपा काढून टोपी उलटी केली. आतल्या बाजूला दव पडल्यासारखे थेंब होते. बारा व्होल्टच्या बॅटरीतून कॉइल हजारो व्होल्ट उभे करते, पण त्या करंटला वाट सोपी लागते. थेंबावरून, टोपीतल्या केसाएवढ्या काळ्या रेघेवरून तो सरळ बॉडीत पळतो आणि प्लगला ठिणगीच मिळत नाही. त्या माणसाने आमच्याच गाडीतला पेपर घेतला, त्याचा बोळा करून आतला एकेक पितळी खिळा टिपून काढला. मग ठिणगी ज्या क्रमाने पडते त्या क्रमाने वायरी लावताना, प्रत्येक वायरीला अंगठा दाबत, माझ्याकडे बघून म्हणाला, “एक, तीन, चार, दोन.” मी म्हटलं, “एक, तीन, चार, दोन.” सेल्फ मारताच गाडी सुरू झाली.

तेव्हा माझे तेराच्या पुढचे पाढे कच्चे होते. एक-तीन-चार-दोन मात्र अजून आंघोळ करताना तोंडात येतं.

तर दिवाडीची रांग. मी बायकोला विचारलं, “कशी थांबली? झटक्यात की गचके देत?” मी स्वतः काय करत होतो? समोरच्या स्कूटरवर बांधलेल्या फणसाकडे बघत होतो. ती म्हणाली, “एकदम.” मला अंधुकसं वाटत होतं की दोन गचके दिले होते. “ते तू ब्रेक मारलास म्हणून,” ती म्हणाली. सव्वीस वर्षांच्या संसारात आमचं यावरही एकमत होईना.

उन्हाळ्यात दोन्ही आजार सारखेच दिसतात, हीच तर पंचाईत. पंप इंजिनला चिकटून बसलेला. तो तापला की पेट्रोलची वाफ होते आणि पंप नुसती हवा ओढत राहतो. कॉइल तापली की आतला तारेचा वेढा दगा देतो. आणि दोन्ही गार झाल्या की काही झालंच नव्हतं अशा थाटात चालू लागतात. मेस्त म्हणतो की आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं, तेही या म्हाताऱ्या नळ्यांना सोसत नाही. खरी परीक्षा सोपी आहे: डिलकोतली मधली वायर काढून इंजिनच्या अंगाजवळ धरायची, दुसऱ्याने सेल्फ मारायचा, निळी ठिणगी उडाली तर कॉइल निर्दोष. पण वायर धरायची कोणी? बायकोने नकार दिला. मला एकदा त्या वायरीने कोपरापर्यंत झिणझिण्या आणल्या आहेत, त्यामुळे मीही नकार दिला.

मग जे बाबा करायचे तेच केलं. डिकीतला फडका बाटलीतल्या पाण्यात भिजवून पंपावर ठेवला. छान चर्र आवाज झाला. बाटलीत थोडं पाणी उरलं होतं, तर रुमाल भिजवून कॉइललाही गुंडाळला. बायको म्हणाली, “आता कशाने सुरू झाली ते कसं कळणार?” बरोबरच होतं तिचं. गुंडाळून झालं होतं.

दोन बोटी गेल्या. तिसरीला सेल्फ मारला आणि फियाट पहिल्या फटक्यात उठली. फणसवाला कधीच पलीकडे पोचला असेल. मी हळूच बोटीवर चढवली आणि इंजिन तसंच चालू ठेवलं. बेतीपासूनची माझी खोड आहे ही. फेरीवर मी गाडी बंद करत नाही, कोणी सांगेपर्यंत. बोटीवरचा माणूस बॉनेटवर दोन थापा मारून म्हणाला, “पात्रांव, इंजीन बंद कर.” मी न ऐकल्यासारखं केलं. त्याने पुन्हा थाप मारली.

बंद केलं. पाण्यावर एकदम शांत झालं, आणि बॉनेटखालून टिक, टिक असा तापलेलं लोखंड गार होण्याचा आवाज यायला लागला. समोर दिवाडीचा धक्का जवळ येत होता, आणि त्याच्या पुढे नार्वेची आणखी एक फेरी होती.